खाली झाकलं तर वर काहीतरी बघायला द्या

गेले सात-आठ महिने मी आमच्या बास्केटबॉल कोर्टवर मुलींना एक चष्मा लावून ड्रिबल (म्हणजे एका हाताने बॉल जमिनीवर टिपत राहणं) करायला लावतेय. येणारे-जाणारे पालक थांबून विचारतात, ताई हे काय घातलंय, डोळ्यांना काही होणार नाही ना, कुठे मिळतं. प्रत्येकाला तेच सांगून सांगून झालं, तेव्हा म्हटलं एकदा बसून नीट लिहूनच काढू.

आमचं कोर्ट सांगलीत आहे, सिमेंटचं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात बारा ते चौदा वयाच्या मुली येतात. मी स्वतः कॉलेजपर्यंत पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे टीमसाठी बॉल पुढे नेणारी म्हणून खेळले, त्यामुळे ड्रिबल हा माझा जरा जास्तच जिव्हाळ्याचा विषय. आणि मुलींना शिकवायला लागल्यापासून मी सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य बोलले असेन तर ते म्हणजे "मान वर गं". मुलगी लगेच मान वर करते, तीन टिप्पे नीट पडतात, चौथ्याला नजर परत बॉलवर. परत मी ओरडणार, परत ती वर बघणार, परत खाली. वर्ष-वर्ष हे चालतं आणि मॅचमध्ये तर पूर्णच खाली, कारण तिथे समोर कुणीतरी बॉल हिसकवायला उभं असतं. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टच्या पलीकडे न्यायचा असतो, पाच जणींत कोण मोकळी आहे ते बघायचं असतं, आणि ही बघतेय बॉलकडे.

हे त्या हट्टाने करत नाहीत हे मला फार उशिरा कळलं. हाताला अजून बॉल ओळखीचा झालेला नसतो, तो किती उंच परत येणार, कुठल्या बोटांना लागणार हे हाताला सांगता येत नाही, म्हणून डोळा त्याच्या मदतीला खाली धावतो. आपण नुसतं ओरडून डोळ्याला वर बोलावतो, पण हाताची अडचण तिथेच राहते ना. डोळ्याला खाली जायची वाटच बंद केली तर हाताला शिकण्यावाचून गत्यंतर नाही, एवढीच या चष्म्यामागची कल्पना.

चष्मा म्हणजे तरी काय, काचा नसलेली फ्रेम, मागे इलॅस्टिक, आणि डोळ्यांच्या खालच्या कडेला पुढे आलेली एक पट्टी, छोट्या फळीसारखी. समोरचं दिसतं, वरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं दिसतं, फक्त स्वतःच्या कमरेजवळचं काही दिसत नाही. बाहेर याला ड्रिबल गॉगल म्हणतात आणि ऑनलाइन शोधलं तर आपल्याकडेही मिळतात.

मी पहिला तसाच मागवला होता. कडक प्लॅस्टिक, पट्टी एकाच मापाची, पुढेमागे होत नाही. आमच्या चष्मा असलेल्या दोन मुलींना तो बसेचना, आणि बाकीच्यांच्या नाकावर वळ उठायचे. पण मला खरी अडचण वेगळीच वाटली. त्यात एकदम सगळंच झाकलं जायचं. कालपर्यंत बॉलकडे बघून खेळणाऱ्या मुलीला आज अचानक बॉल दिसतच नाही, मग ती काय करते, पट्टीवरून बघता यावं म्हणून मानच अजून खाली घालते. म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते! मी दोन दिवस बघितलं आणि तो गॉगल बॅगेत टाकून दिला.

मग घरीच बनवला. जुन्या प्लॅस्टिकच्या गॉगलच्या काचा काढून टाकल्या, खालच्या कडेला वेलक्रो चिकटवला, आणि स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळते ती मऊ फोम शीट कापून तीन पट्ट्या केल्या, एक बोटभर रुंद, एक दोन बोटं, एक तीन बोटं. पाहिजे ती लावायची, नको ती काढायची. मऊ असल्यामुळे बॉल तोंडावर आला तरी टोचत नाही. चष्मा असलेल्या मुलींसाठी वेलक्रो सरळ त्यांच्या स्पोर्ट्स चष्म्याच्या फ्रेमलाच लावला (त्यांच्या आयांना विचारून).

आमच्यात एक डावखुरी मुलगी आहे, सातवीतली, तिच्याबरोबर मी पहिल्यांदा हे नीट पायरी-पायरीने केलं. पहिल्या दिवशी बोटभर पट्टी. तिला पायाजवळचं दिसत नव्हतं, पण बॉल वर आला की अर्धा दिसायचा, म्हणजे टिप्पा पडताना गायब आणि हाताशी येताना परत हजर. जागेवर उभं राहून डाव्या हाताने, बॉल गुडघ्याइतकाच उसळवत. पहिली दोन मिनिटं बॉल पायावर आपटून सतत लांब जात होता. मग तिने एक गोष्ट केली जी मी सांगितलेली नव्हती, बोटं पसरली. आधी ती तळव्याने थापटायची, फट फट असा आवाज यायचा. बोटं पसरली आणि तो आवाज थांबला, नुसता सिमेंटवर पडणाऱ्या बॉलचा आवाज यायला लागला. मी पाठ करून उभी राहिले असते तरी कळलं असतं की आता हिच्या हाताला बॉल कळला. दोन आठवड्यांनी दोन बोटांची पट्टी, मग चालत, मग उजव्या हाताने (तिथे परत बोटभरावर आलो, कारण उजवा हात म्हणजे नवीन हात), मग क्रॉसओव्हर, म्हणजे टिप्पा देत बॉल एका हातातून दुसऱ्या हातात.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. पट्टी लावली की मुलींची मान वर राहायला लागली, मी खूश. पण एके दिवशी बोर्डाखाली उभी राहून मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं तर त्या काहीच बघत नव्हत्या. मान वर, डोळे उघडे, आणि नजर कुठेतरी हवेत. सगळं लक्ष अजूनही कमरेजवळच होतं, फक्त आता दिसत नव्हतं एवढंच. मी सहज तीन बोटं वर केली आणि विचारलं किती, तर सहा मुलींपैकी एकीला सांगता आलं.

त्या दिवसापासून नियमच केला, पट्टी लावली की वर काहीतरी बघायला द्यायचंच. सुरुवातीला मी बोटं दाखवते आणि त्यांनी ड्रिबल न थांबवता आकडा मोठ्याने सांगायचा. मग मी बेसलाइनवर (बास्केटमागच्या रेषेवर) इकडून तिकडे चालत बोटं दाखवते, म्हणजे नजर हलायला पाहिजे. मग दोन मुली दोन कोपऱ्यांत, जी हात वर करेल तिला पास. आणि मग सगळ्यात अवघड, एक मुलगी बास्केटकडे कट मारते, म्हणजे एकदम धावत घुसते, ती मोकळी झाली तर पास, नाही झाली तर ड्रिबल चालू. डोळ्याला खाली जायला बंदी करून भागत नाही हो, त्याला वर काम पाहिजे. हे काम नसेल तर तो चष्मा म्हणजे नुसता अडथळा.

दुसरं, तो काढायचा कधी. मी एका वेळी आठ-दहा मिनिटांच्या वर ठेवत नाही आणि काढल्यावर लगेच तेच ड्रिल उघड्या डोळ्यांनी करायला लावते. त्याला कारण आहे. आपण समोर बघत असतो तेव्हासुद्धा आपल्याला खालच्या बाजूचं साधारण ७० अंशांपर्यंत दिसत असतं, अंधुक का होईना. अगदी स्वच्छ दिसणारा भाग फार छोटा असतो, हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढा धरा, बाकी सगळं कडेकडेचं. चांगली गार्ड बॉलकडे बघत नाही पण त्या कडेच्या नजरेत तिला बॉल आणि मुख्य म्हणजे डिफेंडरचा हात जाणवत असतो, आणि तो हात बहुतेक वेळा खालूनच येतो. कायम पट्टी लावून सराव केला तर ती कडेची नजर वापरायची सवयच लागणार नाही. म्हणून झाका, पण परत उघडा.

आणि पट्टी लावून कधीही सगळ्यांना एकदम पळवू नका. मी एका शिबिराला मदतनीस म्हणून गेले होते, तिथे वीसेक मुलांना एकाच वेळी असे गॉगल लावून झिगझॅग पळायला लावलं होतं, सुटलेले बॉल पायात येत होते आणि ते कुणालाच दिसत नव्हते. दोन मुलं आपटली, एकाचा ओठ फाटला. मला त्याच वेळी बोलायला हवं होतं, मी बोलले नाही, ते मला अजून लागून राहिलंय. आमच्याकडे आता एका वेळी दोघीच पट्टी लावतात आणि प्रत्येकीबरोबर एक बिनपट्टीची मुलगी असते, सुटलेला बॉल उचलायला.

काही जणांनी मला त्या चमकणाऱ्या काचांच्या चष्म्याबद्दल (स्ट्रोब म्हणतात त्याला) विचारलं, अमेरिकेचा बास्केटबॉलपटू स्टीफन करीच्या व्हिडिओत असतात ते. तो प्रकार वेगळा. त्यात लिक्विड क्रिस्टलच्या काचा असतात आणि त्या सेकंदात कितीतरी वेळा पारदर्शक-अपारदर्शक होत राहतात, करीचा ट्रेनर ब्रँडन पेन ते वापरतो. नाइकीने २०११ मध्ये व्हेपर स्ट्रोब नावाने असा चष्मा आणला होता, नंतर तो बंद झाला, आता सेनॅप्टेक कंपनीचे मिळतात. नाइकीवाल्यात आठ पायऱ्या होत्या, प्रत्येक पायरीवर काच उघडी राहायची १०० मिलिसेकंदच, पण बंद राहायचा वेळ ६७ पासून ९०० मिलिसेकंदांपर्यंत वाढत जायचा. म्हणजे शेवटच्या पायरीवर सेकंदाला एकदा झलक, बाकी सगळा अंदाज. एका ओळखीच्यांनी अमेरिकेहून आणलेला असा एक चष्मा मी लावून बघितलाय. ट्यूबलाइट खराब झाल्यावर फडफडते ना, तसं वाटतं, आणि पास दिलेला बॉल सरळ येताना दिसतच नाही, इथे दिसतो, मग तिथे दिसतो, मधलं आपलं आपण भरायचं. सोप्या पायरीवर मी झेलत होते, दोन पायऱ्या वर गेले आणि बॉल सरळ खांद्यावर.

कॅरोलायना हरिकेन्स या आइस हॉकी टीमवर केलेला एक छोटा प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, स्ट्रोब लावून सराव करणाऱ्या खेळाडूंची बर्फावरची कामगिरी सरासरी १८ टक्क्यांनी सुधारली असं त्यात आलं. पण खेळाडू किती, तर सगळे मिळून ११, त्यातल्या ६ जणांनी चष्मा लावला. म्हणून एवढ्यावरून मी कुणाला काही शे डॉलर खर्च करा असं सांगणार नाही, निदान सातवी-आठवीच्या मुलींसाठी तर नाहीच. आणि ज्या मुलांना फिट येते किंवा घरात कुणाला येत होती, त्यांना तो चमकणारा चष्मा अजिबात लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या फोमच्या पट्टीत ना काच, ना नंबर, ना उजेड, त्यामुळे डोळ्यांना काय होईल हा प्रश्न तिथे येत नाही.

नजर कमी करून शिकणं आपल्याकडे नवीन नाहीच. डोळ्यांवर पट्टी बांधून मल्लखांबाची प्रात्यक्षिकं आपण सगळ्यांनी बघितलीयत, आणि शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला. त्या मुलांचे हात-पाय लाकूड कसं वाचतात ते बघितल्यावर मला माझ्या मुलींच्या पाच बोटांकडून जास्त अपेक्षा करायचं धाडस आलं.

आणि मन्सूर अली खान पतौडी. १९६१ मध्ये इंग्लंडला होव्ह इथे कारचा अपघात झाला आणि उजव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली. त्यानंतर दुहेरी दिसायचं, एकाचे दोन बॉल, तर हा माणूस टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घ्यायचा आणि ती दुसरी प्रतिमा बंद करून टाकायचा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताकडून पहिली टेस्ट, मार्च १९६२ मध्ये २१ व्या वर्षी कॅप्टन. जेवढं त्रास देतंय तेवढंच झाकलं, बाकी सगळं उघडं ठेवलं. मी पट्टी किती रुंद ठेवायची ते ठरवताना दर वेळी मला ती तिरकी टोपी आठवते.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी, फोम शीट काळीच घ्या. मी पहिल्यांदा गुलाबी आणली होती, मुलींना आवडली म्हणून, पण उजेडात ती खालून चमकते आणि नजर तिथेच ओढली जाते. वेलक्रो घामाने दोन-तीन आठवड्यांत सुटतो, तो हाताने दोन टाके घालून शिवलात तर टिकतो. इलॅस्टिक सैल ठेवा, मुली घट्ट ओढतात आणि मग डोकं दुखतं म्हणतात.

डावखुरी परवा सरावाला आली आणि बॅग उघडून तीन बोटांची पट्टी स्वतःच काढून लावायला लागली. मी म्हटलं अगं आज उजवा हात आहे, बोटभरच लाव. तर म्हणाली, "ताई, उजव्याने घरी अंगणात करतेय मी रोज, बघा तर." मी बोर्डाखाली जाऊन उभी राहिले आणि चार बोटं वर केली. बॉल दोनदा सुटला, पण चार म्हणाली.