गिअरबॉक्स न उतरवता थांबलेली ऑइल गळती

पावसाळा नसता तर आमच्या मारुती 800 ची गळती आणखी बरेच दिवस लक्षात आली नसती. खानापुरात जून-जुलैत पाऊस लागला की अंगणातली शहाबादी फरशी सुकतच नाही, आणि ओल्या फरशीवर ऑइलचा एक थेंबसुद्धा रंगीत तवंग होऊन पसरतो. गाडी 2003 ची. पंधरा वर्षं भरल्यावर 2018 ला आणि पुन्हा 2023 ला आरटीओत पाच-पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेतलेली, म्हणजे ती ठेवायचीच हे घरात ठरलेलं.

गळतंय ते नेमकं काय, हे आधी बघायला हवं होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या बरोबर खाली काळपट तपकिरी डाग. ब्रेक ऑइल बरंच पातळ आणि फिकं असतं, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. हे इंजिन ऑइलच होतं. ऑइल मोजायची पट्टी पुसून बघितली तर पातळी खालच्या खुणेजवळ. या गाडीत ऑइल मुळातच जेमतेम तीन लिटर मावतं, त्यामुळे अर्धा लिटर कमी झालं तरी दुर्लक्ष करून चालत नाही. लगेच भर घातली.

बेळगावात एका गॅरेजला दाखवलं. मेस्त्रींनी खालून बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, फ्लायव्हीलकडचं ऑइल सील गेलंय बघा. गिअरबॉक्स उतरवायला लागतंय. उतरवलाच तर क्लचप्लेट पण घालून टाकूया." इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं ते सील गेलं की थेंब तिथंच पडतो, हे खरं. तरी मला पटेना. ते सील गेलं तर ऑइल क्लचवर जाऊन क्लच घसरायला लागतो. आम्ही तर नुकतेच गोव्याहून चौघे जण चोर्ला घाट चढून आलो होतो आणि क्लच कुठंही घसरला नव्हता. उलट घाटमाथ्यावर थांबल्यावर बोनेटमधून जळक्या ऑइलचा वास आला होता. म्हणजे ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडत होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइपांचा जोड, असतो वर, इंजिनाच्या हेडला लागून. तळातल्या सीलचं ऑइल तिथवर चढणार कसं?

ओळखीच्या एकानं उद्यमबागेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांना क्लचचं आणि वासाचं सांगितलं. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. "आधी धुऊया, मग बोलूया," म्हणाले. अल्टरनेटरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, ब्रशानं डिझेल मारून इंजिन घासून काढलं, फडक्यानं पुसलं, हवा मारली. मग कोरड्या झालेल्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरली. "आता पिरनवाडीपर्यंत फिरवून आणा."

परत आल्यावर बोनेट उघडलं तेव्हा सगळं समोर होतं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरीवर करडी ओली रेघ उमटली होती. तिथून बारीक ओघळ ब्लॉकवरून खाली उतरून गिअरबॉक्सच्या जोडावर गोळा होत होता, आणि काही थेंब एक्झॉस्टवर पडत होते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे: कुणी खालचा ओला भाग दाखवून काही उतरवायला निघालं, तर आधी इंजिन धुवून घ्या आणि सगळ्यात वर कुठं ओल येते ते बघा. ऑइल खाली वाहतं, गाडी पळताना वाऱ्यानं मागंही जातं. थेंब पडतो ती जागा आणि गळतीचं मूळ कितीदा वेगवेगळंच असतं.

कव्हर काढून मामांनी त्याच्या जोडातलं पॅकिंग माझ्या हातात दिलं. रबर असून लवचीकपणा नावाला नव्हता. जरा वाकवलं तर कट्कन मोडलं. पण मामा तिथंच थांबले नाहीत, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. त्यांनी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला. तो खुळखुळायला हवा. हा चिकट काजळीनं गच्च बसला होता. पिस्टनच्या रिंगांतून थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतो. हा व्हॉल्व्ह तो परत इनटेककडे, म्हणजे इंजिनात हवा शिरते तिकडे, नेतो. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर जोडातून बाहेर येतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर नव्या पॅकिंगवरही तोच दाब आला असता. पेट्रोलनं धुऊनही व्हॉल्व्ह सुटला नाही, म्हणून नवा घातला.

बसवताना दोन्ही कडा स्वच्छ पुसल्या आणि नट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. जोर लावून आवळलं की पॅकिंग चेपतं आणि पुन्हा गळतं. वरून सिलिकॉन फासूया का, असं हाताखालच्या पोरानं विचारलं, तर मामा म्हणाले, "नको रे. जास्तीचं आत पडतंय आणि चेंबरातली जाळी तुंबतीय." शेजारी-पाजारी काही जण जाड ऑइल घालायला सांगत होते, पण कडक झालेलं रबर त्यानं पुन्हा मऊ होत नाही. मजुरीसह सगळं काम हजार-बाराशेत झालं.

त्यानंतर जांबोटीमार्गे पुन्हा चोर्ला करून आलो. वास नाही, कव्हरची कड कोरडी, पट्टीवरची पातळी जागेवर. चेंबरच्या ड्रेन प्लगपाशी मात्र किंचित ओल आहे. थेंब धरण्याइतकी नाही. तिथला वॉशर बदलायला ऑइल काढावंच लागतं, म्हणून तो पुढच्या ऑइल बदलीला घालायचा असं मामांशी ठरलंय.