सकाळी मान वर करून

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. येऊरचं जंगल आहे, उपवनचा तलाव आहे, मग सकाळी चालायला नौपाड्यातून बाजाराकडे कशाला जाता? भाची विचारते, सोसायटीतल्या बायका विचारतात, परवा दूधवाल्यानेही विचारलं.

सहाच्या सुमाराला जुन्या ठाण्यात मान वर करून चालता येतं, म्हणून जाते. दिवसा राम मारुती रोडवर नजर पायाशीच ठेवावी लागते. फुटपाथवर लावलेल्या दुचाक्या, कडेची पथारी, मागून येणारी रिक्षा. पहाटे दुकानांची शटरं खाली असतात, पाट्यांचे दिवे विझलेले असतात, आणि त्यांच्या वरचं गाव दिसायला लागतं. लाकडी कठड्याची गॅलरी. मंगलोरी कौलांवर उगवलेलं गवत. तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. भिंतीच्या भेगेतून निघालेला पिंपळ, दर पावसाळ्यात दोन पानांनी मोठा झालेला.

गडकरी रंगायतनपाशी आलं की तलावपाळी. इथे चालणारे भरपूर, पण बहुतेक घड्याळ बघत चकरा मोजतात. मी कठड्याशी थांबते. बांधून ठेवलेल्या होडीच्या टोकावर एक वंचक बगळा बसलेला असतो, इतका मळकट की हलेपर्यंत दिसत नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र. घारी मात्र ऊन चढल्याशिवाय वर जात नाहीत, तोवर झाडांच्या शेंड्यांवर बसून राहतात.

पुढे कौपिनेश्वराच्या कळसाला लांबूनच नमस्कार करून जांभळी नाका. तिथे मान आपोआप खाली जाते. गोणीतून झेंडू ओतला जात असतो, शेवंतीवर पाणी मारलेलं असतं, आणि ओल्या फरशीवर पाकळ्यांचा चिखल झालेला. पाव किलो मागितलं तर मावशी मूठभर जास्तच टाकतात. भवानी व्हायची असते ना.

कधी टेंभी नाक्याकडून परतते. तिथे बेने इस्रायली ज्यू मंडळींचं १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे. शाआर हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. लग्नानंतर कितीतरी वर्षं मी समोरून बसने गेले, पण ते नाव पहिल्यांदा वाचलं ते सकाळी चालायला लागल्यावर.

आता खरं कारण. माझं माहेर नौपाड्यातच, दुमजली चाळीत. ती पाडली, तिथे आता टॉवर आहे. आईला लिफ्ट मिळाली, नळाला चोवीस तास पाणी आलं, त्याबद्दल तक्रार करणार नाही. पण एकदा भाचीने विचारलं, तुमच्या गॅलरीच्या कठड्यावर नक्षी कसली होती? मला सांगता येईना. वीस वर्षं त्या कठड्यावर कोपरं टेकून उभी राहिले, खालून मान वर करून कधी पाहिलंच नाही. फोटो आहेत ते सगळे माणसांचे.

तेव्हापासून उरलेल्या घरांकडे नीट बघते. घर रिकामं कसं होतं तेही आता कळायला लागलंय. आधी तुळस जाते, मग दोरीवरचे कपडे कमी होतात, मग एखाद्या खिडकीचं गजासकट दार काढून नेतात. शेवटी पत्रे ठोकले जातात आणि रस्त्यावरून काहीच दिसत नाही.

आमच्या मागच्या गल्लीत असं एक घर आहे. खालची दोन्ही बिऱ्हाडं गेली. कठड्यावर कोयऱ्यांची नक्षी आहे, मधली एक कोयरी तुटलेली. आज सकाळी वर दोरीवर शाळेचा शर्ट वाळत होता, खिशापाशी शाईचा डाग असलेला.

यायचं असेल तर पावणेसहाला घंटाळी देवीच्या देवळापाशी भेटा. त्या गल्लीतूनच निघू.