नमन कर, चतुर

गुरुपौर्णिमा, रात्री साडेदहा

आज संध्याकाळी भाची आणि भाचा दोघेही गायला बसले होते. ते घरी गेल्यावर तानपुऱ्यावर गवसणी घालून मी ही वही उघडली, कारण गेल्या दीड महिन्यात या दोन मुलांबरोबर जे घडले ते विसरून जाण्याआधी लिहून ठेवावे असे मनापासून वाटले.

सुरुवात भाच्याच्या एका प्रश्नाने झाली. तो बारा वर्षांचा आहे, कीबोर्ड शिकतो, आणि बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली आनंदगीताची धून त्याला वाजवता येते. ती सिंफनी 1824 साली व्हिएन्नात पहिल्यांदा सादर झाली तेव्हा ती रचणाऱ्याला स्वतःला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते, हे त्याने मला फार आदराने सांगितले, आणि मग भूप राग गात बसलेल्या आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीकडे पाहून विचारले, "आत्या, ही म्हणते ते कोणी केलं?" राग कुणा एका माणसाने केलेला नसतो, तो परंपरेतून घडत येतो, एवढे मी बोलले, पण त्याने राग विचारला नव्हता, तिच्या तोंडची बंदीश, म्हणजे त्या रागात बांधलेली शब्दसुरांची रचना, विचारली होती, आणि बंदिशीला मात्र रचनाकार असतो.

बंदीश होती "नमन कर चतुर श्रीगुरुचरणा". मी स्वतः ती भाचीच्याच वयाची असताना शिकले. परीक्षेत तिची स्वरलिपी लिहून दाखवली, भूपाचा वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, संवादी म्हणजे त्याच्या खालोखालचा धैवत, मध्यम आणि निषाद वर्ज्य, थाट म्हणजे स्वरांचे कुळ कल्याण, हे सारे धडाधड सांगून उत्तम गुणही मिळवले. परंतु "चतुर" म्हणजे हुशार मनुष्य एवढाच अर्थ मी धरला होता, आणि तो कोणी दुरुस्त केला नाही. ते पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी रचनेत घातलेले आपले टोपणनाव आहे, हे मला फार उशिरा, विशी उलटल्यावर कळले. इतकी वर्षे एका माणसाचे नाव रोज गात होते आणि त्याची ओळख मला कोणी करून दिली नव्हती, याचे मला त्या दिवशी वाईट वाटले, आणि ते अजूनही वाटते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी तीच चूक करीत होते, हे भाच्याच्या प्रश्नाने दाखवून दिले.

म्हणून त्या संध्याकाळी उत्तर सांगून टाकण्याऐवजी मी बंदिशीची ओळ पाटीवर लिहिली आणि म्हटले, "यात एक माणूस आहे, शोधा." भाचीने आधी "गुरू" म्हटले. भाचा बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला. मग मी त्यांच्या आजीच्या तोंडचे अभंग आठवायला सांगितले, आणि भाची एकदम ओरडली, "तुका म्हणे! जनी म्हणे! शेवटी नाव येतं तसं!" मराठी घरात वाढलेल्या मुलाला नाममुद्रा, म्हणजे रचनेत गुंफलेले रचनाकाराचे नाव, ही कल्पना शिकवावी लागत नाही, ती हरिपाठाबरोबर कानावर पडलेलीच असते, फक्त ख्यालातही, म्हणजे आपण गातो त्या रागदारी गायनप्रकारातही, तीच रीत आहे हे दाखवून द्यावे लागते. अभंगात नाव बहुधा शेवटच्या चरणात येते, बंदिशीत ते बहुतेक वेळा अंतऱ्यात म्हणजे दुसऱ्या भागात सापडते, आणि इथे मात्र ते पहिल्याच ओळीत आहे. चतुर स्वतःलाच सांगतो आहे, की गुरूच्या चरणांना नमस्कार कर. हे लक्षात आल्यावर भाचा हळूच म्हणाला, "म्हणजे तो स्वतःशी बोलतोय."

भातखंड्यांची गोष्ट मी त्यांना तुकड्यातुकड्याने सांगितली. 1860 साली, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वरला जन्म. शिक्षण वकिलीचे, ओढ मात्र संगीताची. त्या काळी कित्येक उस्ताद आपल्या घराण्याच्या बंदिशी जिवापाड जपत आणि परक्याच्या कानावर सहसा पडू देत नसत. हा गृहस्थ देशभर फिरला, ठिकठिकाणच्या गुणिजनांकडे जाऊन ऐकत, शिकत, लिहून घेत राहिला, आणि जमवलेले सारे क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांसाठी खुले केले. आपला मोठा ग्रंथ, "हिंदुस्थानी संगीत पद्धती", त्याने मराठीत आणि गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला, हे मला विशेष मोलाचे वाटते. शास्त्र सांगतानाही समोर विचारणारा कोणीतरी बसलेला आहे असे त्याने धरले होते. मुलांना सर्वांत आवडली ती त्याची स्वरलिपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाला खाली टिंब आणि तार म्हणजे वरच्या सप्तकाला वर, समेला म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला गुणाकाराचे चिन्ह आणि खालीला म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायच्या मात्रेला शून्य, एवढ्या खुणांच्या बळावर शंभर वर्षांनी एक नऊ वर्षांची मुलगी ते पान पाहून गाऊ शकते. भाचीने त्या दिवशी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर आपल्याला येणारी सगळी गाणी तशी लिहायला घेतली.

त्यानंतरच्या रविवारी मी त्यांना एक काम दिले, आणि मला वाटते, रचनाकाराची खरी ओळख त्या कामातून झाली. मी "आज पाऊस आला, अंगण भिजले" एवढेच साधे शब्द दिले आणि ते भूपात, त्रितालाच्या सोळा मात्रांत बसवायला सांगितले. भाचीने "पाऊस" समेवर आणला. भाच्याने तो शब्द समेवर येऊ दिला नाही. त्याच्या मते पाऊस आधी येतो आणि अंगण नंतर भिजते, म्हणून "भिजले" वर सम हवी. दोघांचे चांगलेच भांडण झाले. मी त्यात पडले नाही. कोणता शब्द समेवर ठेवायचा, कोणते अक्षर लांबवायचे, मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा सुरुवातीचा तुकडा, कोठून उचलायचा, हे कोणीतरी बसून ठरवलेले असते, तयार बंदीश आभाळातून पडत नाही, हे त्यांना माझ्या बोलण्यापेक्षा त्या भांडणातून अधिक नीट समजले. भिंतीवर हार घातलेल्या तसबिरी दाखवून आणि जन्ममृत्यूची साले पाठ करून घेऊन मुलांना रचनाकार कळत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

मग नावे शोधण्याचा छंदच लागला. "प्रेमपिया" म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ, त्याच घराण्याचे विलायत हुसेन खाँ "प्राणपिया", जगन्नाथबुवा पुरोहित "गुणिदास" आणि त्यांचे शिष्य सी. आर. व्यास "गुणिजान". गुरूच्या नावाचा अंश शिष्याने आपल्या मुद्रेत जपला, हे भाचीच्या मनात भरले. पुढे ती प्रत्येक "पिया" वर संशय घेऊ लागली, तेव्हा बऱ्याच बंदिशींत पिया म्हणजे नुसता प्रियकरच असतो, हेही समजावून सांगावे लागले.

सदारंगाचे नाव निघाले तो दिवस मात्र भाच्याचा होता. सदारंग म्हणजे दिल्लीच्या दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, नियामत खाँ, आणि त्यांच्या कितीतरी ख्यालांत "सदारंगीले मोंमदसा" असे स्वतःच्या नावाशेजारी बादशहाचे नाव येते, असे मी सांगितले. तो मोंमदसा म्हणजे मुहम्मद शाह, ज्याने 1719 ते 1748 राज्य केले. भाच्याने ताबडतोब विचारले, "बाजीराव दिल्लीवर गेला तेव्हाचा?" तोच. 1737 साली बाजीराव पेशवा दिल्लीपर्यंत धडकला तेव्हा तख्तावर मुहम्मद शाह होता, आणि दोनच वर्षांनी नादिरशहाने ती दिल्ली लुटली. इतिहासात त्या मुलाने ज्या बादशहाचे फक्त पराभव वाचले होते, त्याच्याच आश्रयाने आज आपण गातो त्या ख्यालाला बहर आला, हे त्याला खरेच वाटेना. तो इतिहासाचे पुस्तक घेऊन आला आणि त्या पानाच्या कडेला त्याने पेन्सिलीने "सदारंग" असे लिहिले.

आज गुरुपौर्णिमा, म्हणून दोघांनी मिळून भूप गायचे ठरवले होते. भाचा अलीकडे कीबोर्ड बाजूला ठेवून आवाज लावू लागला आहे. त्याचा गंधार अजून किंचित उतरतो, पण तो स्वतःच ओळखतो आणि पुन्हा लावतो. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, दोनदा झाली. तिसऱ्या वेळी भाचीने "नमन कर" म्हटल्यावर क्षणभर थांबून, छोटासा श्वास घेऊन, मग "चतुर" म्हटले, जणू समोर बसलेल्या कोणाला तरी हाक मारावी तसे. तो श्वास पुस्तकातल्या स्वरलिपीत नाही. त्यामुळे पुढची अक्षरे थोडी दाटली आणि ती सम गाठायला धावली, पण गाठली. मी तबल्याचा ठेका तसाच चालू ठेवला आणि तिला काहीही सांगितले नाही. पुढच्या आवर्तनात भाच्यानेही तिथेच श्वास घेतला.