डोंगर इथंच तर आहे

रविवार, १४ डिसेंबर २०२५, रात्री

पोटऱ्या ताठल्या आहेत. सासूबाईंनी तिळाच्या तेलात लसूण तडतडवून दिला, तो चोळला, शेक घेतला, तरी पलंगावरून उठायला भिंत धरावी लागते. पण लिहायचं आजच. उद्या फायली पुढ्यात आल्या की डोंगर मागे पडेल.

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या परतवाड्याकडे कुठूनही उत्तरेला पाहा, सातपुडा दिसतो. त्या डोंगरावरच्या चिखलदऱ्याला आम्ही लहानपणापासून जातो. गाडीनं घाट चढायचा, वळणांवर पोरांना ओकाऱ्या, वर गेल्यावर भाजलेलं कणीस, भीमकुंड, गाविलगड किल्ल्याच्या दरवाज्यात फोटो, दिवस मावळायच्या आत खाली. पायी कोणी जात असेल असं मनातही आलं नव्हतं. लेखा शाखेतल्या ताईंचं माहेर डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्यांची आजी तिथल्या पायवाटेनं चालत वर जायची, आणि आजही लोक जातात, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. तिथून बेत ठरला. आमच्या सरकारी ऑफिसातल्या आम्ही पाच जणी. ताईंच्या भावानं वनरक्षकाच्या कानावर घातलं आणि वाट दाखवायला इथल्या कोरकू आदिवासींपैकी एक मामा ठरवून दिले. किती वेळ लागेल, असं फोनवर विचारलं तर भाऊ म्हणाला, "काही नाही वो ताई, इथंच तर आहे. दीड-दोन घंट्यात वर."

साडेसहाला निघालो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. गावाबाहेर कपाशीचा दुसरा वेचा चालू, तुरीला शेंगा भरलेल्या, मृग बहाराची संत्री अजून हिरवीच. तासभर सपाटीवर गप्पा मारत चाललो. मग पळस-बोरीचा भाग संपून साग लागला आणि वाट एकदम उभी झाली.

सागाचं वाळलेलं पान ताटाएवढं असतं. ते पायवाटेवर थरानं पडलेलं, आणि त्याच्याखाली काळ्या दगडाचे सुटे तुकडे. पान दिसतं, दगड दिसत नाही. पाय टाकला की पान सरकतं, पानासोबत दगड सरकतो आणि आपण दोन पावलं मागे. सालईच्या खोडाला धरावं तर तिची पातळ साल हातात निघून येते. धावड्याचं झाड बरं, त्याला धरून उभं राहता येतं. पहिल्या चढाच्या शेवटी मी वर पाहिलं, कडा होता तिथंच होता. मामांना विचारलं, किती राहिलं? ते म्हणाले, "चालू तं लागलो आताच."

चिखलदरा समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटरवर आहे आणि आमचं परतवाडा ४०० च्या आसपास. मधला फरक गाडी तीस-चाळीस वळणांत वाटून टाकते. पायवाट तो कोणाला वाटून देत नाही. नाला ओलांडल्यावर दुसरा चढ पहिल्याहून उभा निघाला. तिथं आमच्यातली सगळ्यांत तरणी पोरगी, नुकतीच नोकरीला लागलेली, खाली बसली. ओठ पांढरे, हाताला घाम. पाणी निम्म्यावर आलं होतं. पुढे जायचं की परतायचं, यावर आम्ही चौघी एकदम बोलू लागलो. मामांनी आम्हाला गप्प केलं. तिला सावलीत आडवं केलं, पाय दगडावर उंच ठेवले, बाजूच्या आवळ्याच्या झाडावरून चार आवळे पाडले आणि आमच्या शिदोरीतलं मीठ लावून तिला चावायला दिले. वरून घोट घोट पाणी. अर्ध्या तासानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "पोटात काही घेऊन नव्हती निघाली का माय?" मामांनी विचारलं. ती नाही म्हणाली. भाकरीची पुरचुंडी तिथंच उघडली.

आम्ही खात होतो तेव्हा खालून एक आजी आली. सत्तरीच्या पुढची. डोक्यावर गाठोडं, चपला हातात, पाय अनवाणी. मामांशी कोरकूत बोलली, मग आमच्याशी आमच्या बोलीत. शुक्रवारी खाली आली होती, लेकीकडे राहिली, आता वर घरी चालली होती. तिच्या टाचा मी जवळून पाहिल्या. भेगा इतक्या जुन्या की त्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. ती सरळ चढत नव्हती. डावीकडे तिरपी चार पावलं, मग उजवीकडे तिरपी चार पावलं, आणि प्रत्येक पाऊल पूर्ण टेकलेलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "बोटावर नको चढू बाई, पुरा पाय टेक. घाई कायची हाय?" त्यानंतर मी तिच्यासारखी चालले. पोटऱ्यांची आग थांबली नाही, पण सोसवण्याजोगी झाली.

शुक्रवारी कशाला आली होती, तेही तिनं सांगितलं. म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार थांबलेत. आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून. मशीनवर बोट ठेवलं तर मशीन बोट ओळखत नाही, रेषाच राहिल्या नाहीत. साहेब नागपूरला, अधिवेशनाला. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. कोणत्या ऑफिसात गेली होती ते तिला सांगता येईना. "ते नाही का, मोठं झाड हाय दारात." मोठं झाड तालुक्यातल्या प्रत्येक ऑफिसच्या दारात आहे.

एवढं बोलून ती गाठोडं सावरून पुढे गेली. दहा मिनिटांत दिसेनाशी झाली.

शेवटचा टप्पा हात टेकून चढायचा होता. वाट नव्हतीच, खडकात पाय रोवायला खोबणी होत्या. त्यातल्या काही पावसानं केलेल्या, काही नक्की माणसानं. वर पठारावर डोकं काढलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. वारा इतका गार की घामानं भिजलेली ओढणी अंगाला बोचायला लागली.

सोमवार, १५ डिसेंबर

आज जिना चढताना कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गेले. पाचही जणींची तीच गत, त्यामुळे सगळ्या शाखांना बातमी कळली. चहाच्या वेळी लोक विचारत होते, काय पाहिलं वर?

काय पाहिलं ते नीट लिहून ठेवते, कारण आजची तारीख १५ डिसेंबर आहे. १८०३ साली याच तारखेला गाविलगड पडला. हे मला काल माहीत असतं तर किल्ल्यात आणखी थांबले असते. बहामनी सुलतान अहमदशहा वलीनं १४२५ मध्ये हा किल्ला बांधवला. पुढे इमादशाही, निजामशाही, मोगल असं होत होत तो नागपूरकर भोसल्यांकडे आला. इंग्रजांच्या वतीनं लढायला आला तो आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. दक्षिणेकडून, म्हणजे आम्ही चढलो त्या अंगानं, किल्ला घेणं जमणार नाही हे त्यानं ओळखलं. म्हणून त्याच्या स्टीव्हन्सन नावाच्या सरदाराची फौज डोंगर वळसून उत्तरेला, लाबाडा गावाकडे गेली. ७ ते १२ डिसेंबर, तोफा आणि दारूगोळा माणसांनी हातानं ओढत डोंगरदऱ्यांतून नेला. रस्ता नव्हताच, तोही त्यांनीच करत नेला. मग तोफांनी भिंत फोडली आणि १५ तारखेला फौज आत शिरली. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोन दिवसांत भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला आणि वऱ्हाड त्यांच्या हातून गेलं.

मी काल पाठीवर दोन लिटर पाणी आणि चार भाकरी घेऊन चढले. त्या तोफा ओढणारी माणसं कोण होती? त्यातली बहुतेक आपल्याकडचीच शिपाई-मजूर असणार. त्यांची नावं कुठे नाहीत. बेनीसिंगाचं नाव तरी आहे.

किल्ल्यात आम्ही पाहिलं ते एवढंच: दरवाज्यावर कोरलेले शार्दूल, गवतात पडलेल्या लांबलचक तोफा, मशिदीच्या कमानी आणि तळी. १८५८ मध्ये इंग्रजांनी तटबंदी निकामी केली, तेव्हापासून किल्ला असाच आहे. गाडीनं आलेली मंडळी पहिल्या दरवाज्यात फोटो काढून परतत होती. मीही इतकी वर्षं तेच पाहून परतत होते, पण काल तिथला प्रत्येक चिरा कोणीतरी वर आणला आहे हे पायांना कळत होतं. इतिहासाच्या पुस्तकात वऱ्हाडाला दोन ओळी असतात. आमच्या पोरांना रायगड-प्रतापगड तोंडपाठ आहेत, असावेतच, पण दारातला गाविलगडही त्यांना कळायला हवा. आमच्या शाळांच्या सहली इथं यायला हव्यात, आणि त्या दिवशी सोबत कोणीतरी सांगणारं हवं.

घरी आल्यावर कापसाचा विषय. यंदा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आहे, पण ओलावा जास्त निघाला की भाव कापतात. दिरांनी दोन दिवस अंगणात वाळवला. आज रात्री गाडी भरताहेत. घरभर सरकीचा वास आहे.

मंगळवार, १६ डिसेंबर

मोजे धुतले, त्यात घुसलेली गवताची कुसळं निघत नाहीत. हे गवत डोंगरउतारावर कमरेएवढं वाढलेलं होतं. एक कुसळ काढून खिडकीत उजेडापुढे धरलं. टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक तांबूस केस, आणि मागे पीळ घातलेली लांब शेपटी. पोराला गंमत दाखवली. शेपटीवर पाण्याचा थेंब टाकला की ती हळूहळू उलगडत गोल फिरते. पाऊस पडला की असंच फिरत बी जमिनीत घुसतं. मोज्यातही असंच घुसलेलं, म्हणून मागे ओढून निघत नाही, पुढे ढकलून काढावं लागतं. पोरानं दहा-बारा काढली, मग कंटाळला. उरलेली मी टीव्हीपुढे बसून काढली.

लेखा शाखेच्या ताईंशी बोलताना पायविहीर गावाचा विषय निघाला. आमच्याच तालुक्यात, याच डोंगररांगेच्या पायथ्याला. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल आपणच राखायचा-वापरायचा हक्क, मिळाला, आणि ग्रामसभेनं उजाड झालेला डोंगर राखून पुन्हा हिरवा केला. त्यांची सीताफळं मुंबईपर्यंत जातात. ताई म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी त्या बाजूला सावलीला झाड सापडत नव्हतं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. वनहक्काचा कायदा २००६ चा, आपल्या टेबलावर तो जावक क्रमांक घातलेला कागद म्हणून येतो. त्या कागदाचं पुढे जंगल झालेलं कोणी पाहिलेलं आहे, हे कळलं की काम करायला हात चालतो.

तुरीचे सोले सोलून ठेवलेत. उद्या सोलेभात.

गुरुवार, १८ डिसेंबर

आजी काही डोक्यातून जात नाही. सकाळी मी शाखेतून आणि शेजारच्या दोन ऑफिसांतून विचारून आले, शुक्रवारी बोट न उमटलेली अशी कोणी म्हातारी आली होती का. कोणालाच आठवेना. अशा रोज येतात, एवढंच उत्तर. दोष एका टेबलाचा नाही. आपल्याला "पुढच्या आठवड्यात या" म्हणायला दोन सेकंद लागतात. ऐकणाऱ्याला एक उतरण आणि एक चढ लागतो, आणि खाली कोणाकडे तरी मुक्काम. हे कोणत्याही अर्जावर लिहिलेलं नसतं, म्हणून कोणाला दिसत नाही.

दुपारी टिपणी लिहायला घेतली. डोंगरावरच्या ज्या वस्त्या आमच्या तालुक्यात मोडतात, तिथं महिन्यातून एक दिवस शिबिर घ्यावं. आधार जोडणी, हयातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचा प्रतिनिधी, सगळं एका दिवशी, एका ठिकाणी. ज्यांची बोटं उमटत नाहीत त्यांच्यासाठी डोळ्यांची ओळख घेणारं मशीन सोबत न्यावं. तक्त्यात "मुख्यालयापासूनचे अंतर" असा रकाना असतो. तिथं नेहमी गाडीरस्त्याचे किलोमीटर जातात. मी त्याच्या शेजारी एक रकाना वाढवला आणि लिहिलं: पायी उतरण सुमारे दोन तास, चढ तीन ते पाच तास.

साहेबांनी वाचलं. "हे पाच तास कुठून आणले मॅडम?"

"मी स्वतः चढले साहेब. रविवारी."

ते थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग विचारलं, गाडी वरपर्यंत जाते का, मशीनला वीज कुठून मिळणार, आणि रेंज? विजेचं मला सांगता आलं, शाळेत आहे. रेंजचं नाही. त्यांनी "चर्चा करावी" असा शेरा मारून फाईल परत दिली, सोमवारची वेळ दिली.

संध्याकाळी ताईंच्या भावाला फोन लावला, त्यानं मामांना गाठलं. वस्तीत रेंज नाही. शाळेच्या मागे टेकाडावर एक मोठा खडक आहे, तिथं पोरं फोन घेऊन बसतात, तिथं मिळते. खडकापाशी टेबल मांडता येईल का, असं विचारलं तर मामा म्हणाले, "टेबल कायले? सतरंजी टाकू. सावली हाय तिथं दुपारपर्यंत." टिपणीला ही पुरवणी जोडली. शनिवार-रविवार सुट्टी, तोवर पायही मोकळे होतील. २० तारखेपासून बहिरमची जत्रा सुरू होतेय, पोरं मागे लागलीत, रविवारी रोडगे आणि वांग्याची भाजी करून तिकडे जायचं ठरतंय.