हॉटेलचे फोटो आणि हॉटेल

काल रात्री चेक-इन केलं. फोटोत ऐसपैस दिसणारी खोली प्रत्यक्षात एवढीशी, की बॅग उघडायची तर पलंगावरच. वाइड अँगल लेन्सची कृपा, दुसरं काय! पण धक्का बसला नाही. राहून गेलेल्या लोकांनी टाकलेले फोटो आधीच पाहिले होते, आणि त्यात बाथरूमचा कोपरा, खिडकीबाहेरची भिंत असं सगळं खरं खरं दिसतं.

खिसा बेताचा असताना मी सरासरी रेटिंगच्या फार नादी लागत नाही. जुनी पंचतारांकित कौतुकं तिथे साचून राहतात. मधल्या काळात मालक बदललेला असतो, गाद्या खचलेल्या असतात. म्हणून ताजे रिव्ह्यू आधी आणि त्यातही दोन-तीन स्टारवाले. एक स्टारवाला बहुतेक वेळा भांडून आलेला असतो (हे आपलं माझं मत). तीच तक्रार वेगवेगळी माणसं करत असतील, तर मात्र ती खरी धरायची.

बाकी नकाशा बघणं आलंच. लांबच्या स्वस्त खोलीत वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. आणि भाडं म्हणजे कर धरून शेवटी येतो तो आकडा.

आता माझा रिव्ह्यू टाकतेय: चादरी स्वच्छ. गरम पाणी येतं, पण नळ सोडून बराच वेळ थांबावं लागतं. वायफाय रिसेप्शनपाशी पळतं, खोलीत रांगतं. लिफ्टशेजारची खोली अजिबात घेऊ नका, रात्रभर दार आपटतं. मागितल्यावर खोली लगेच बदलून मिळाली, तीही कुरकुर न करता. चार स्टार.