थंडीत अडणारी शंभर सीसीची गाडी: प्लगपासून टॅपेटपर्यंतच्या तपासणीची नोंद

निफाड परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नवे नाही, आणि कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीचे झाकलेले दोष नेमके याच दिवसांत उघडे पडतात. माझी शंभर सीसीची चार-स्ट्रोक गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी किक मारून पाय भरून आला तरी दाद देत नसे. एकदा इंजिन तापले की मात्र दिवसभर पहिल्या किकला सुरू होई. निदानाची दिशा या फरकावरूनच ठरते. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि निवल्याशिवाय सुरू न होणाऱ्या गाडीत पिकअप कॉइल (ठिणगीच्या वेळेचा इशारा देणारी) किंवा इग्निशन कॉइलचा (ठिणगीची वीज तयार करणारी) संशय आधी घ्यावा. फक्त थंड असतानाच अडणाऱ्या गाडीत बहुधा हवा-पेट्रोलचे मिश्रण तरी पातळ, म्हणजे कमी पेट्रोलचे, असते, नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तरी कमी पडत असते.

चोक पूर्ण ओढून, ॲक्सिलरेटर न पिळता काही किक मारल्या आणि लगेच प्लग काढून पाहिला. तो कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही, चिंब निघाला तर ठिणगीत दोष आहे किंवा पेट्रोल जास्त होते आहे, असा साधा हिशोब असतो. माझा प्लग जेमतेम ओलसर होता. गॅप 0.7 मिमी आणि ठिणगी निळी व ठसठशीत असल्यामुळे इग्निशनचा विषय तिथेच मिटला.

कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ केला. जेटमध्ये तार घालण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही. पितळ मऊ असते आणि भोक किंचित मोठे झाले तरी जेटचे माप बिघडते. चोकची पत्ती पूर्ण मिटत होती. गाडी मॅनिफोल्डपाशी, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीपाशी, बाहेरची हवा घेते का, हे पाहण्यासाठी इंजिन थंड असतानाच, ते सुरू होताच आयडलवर ठेवून, रबरी जोडावर क्लीनर थोडा फवारला. आरपीएम हलले नाहीत, म्हणजे जोड शाबूत होता. एवढे होऊनही सकाळची रड फारशी कमी झाली नाही.

मग कॉम्प्रेशन गेज लावला. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किक मारल्यावर दाब अपेक्षेपेक्षा बराच कमी आला. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले, तेव्हाही काटा फारसा वर चढला नाही. रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलमुळे फट काही वेळ बुजून दाब वाढला असता. तो वाढला नाही, म्हणजे गळती बहुधा व्हॉल्व्हमधून होती.

व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाचा स्क्रू म्हणजे टॅपेट; त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मधे ठरलेली बारीक फट असावी लागते. टॅपेट नेहमी इंजिन पूर्ण थंड असतानाच तपासावेत. मॅग्नेटवरची टी खूण (पिस्टन सर्वात वर असल्याची) जुळवून, दोन्ही रॉकर मोकळे आहेत याची खात्री करून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावला, तेव्हा माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 0.08 मिमी सांगितलेले असताना इनटेकच्या टॅपेटमध्ये 0.05 मिमीची पट्टीही शिरेना. अनेकांचा समज असा असतो की टॅपेट खराब झाला म्हणजे तो वाजणारच. वाजणारा टॅपेट निदान हाक तरी मारतो. घट्ट झालेला टॅपेट गप्प असतो, इंजिन उलट गोड वाटते, आणि आत व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. किकच्या मंद गतीत दाब निसटायला भरपूर वेळ मिळतो, शिवाय कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढणारी पोकळीही कमजोर पडते, म्हणून प्लग जेमतेम ओला होतो. इंजिन वेगात फिरू लागले की हीच गळती जाणवेनाशी होते. लॉकनट सैल करून दोन्ही टॅपेट मापात आणले, नट आवळल्यावर फट पुन्हा मोजली, कारण आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो. आता पूर्ण चोकवर दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू होते आणि गेजचा काटाही पूर्वीपेक्षा स्पष्टपणे वर जातो.

उरलेल्या दोन-तीन किकचे कारण मला ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमध्ये दिसते. थंडीत पेट्रोलचे फक्त हलके घटक वाफ होतात, आणि इथेनॉलला तर वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. त्यातच त्याच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण आपोआप पातळ पडते. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरच्या आधारे हे बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. कार्ब्युरेटरमध्ये स्क्रूच फिरवावा लागतो. तो स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा असतो आणि आत फिरवल्यावर मिश्रण घट्ट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा असतो आणि बाहेर फिरवावा लागतो. माझा फिल्टरच्या बाजूला आहे. तो पाव फेरा आत घेतला असून, प्लग काळा पडत नाही ना हे पाहूनच पुढचा पाव फेरा देणार आहे.