गुरुजींच्या वह्या छापता छापता : आमची वाटचाल

आमचं वर्ष एप्रिलला सुरू होत नाही, जूनला होतं. शाळा उघडायच्या आठवड्यात बार्शीतल्या आमच्या दुकानात उभं राहायला जागा नसते आणि ऑगस्टमध्ये माशा मारायला माणूस नसतो. शाळांचे नमुने छापणं हाच मुख्य धंदा. म्हणजे हजेरीपट, मुलांच्या प्रवेशाचं जनरल रजिस्टर, दाखल्यांची पुस्तकं, गुरुजींच्या रोजच्या पाठांच्या टाचणवह्या. पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या दोन पिढ्यांचं काहीतरी लिहा, असं मुलीनं सांगितलं. लिहायला बसलो तर जे जे आठवलं ते आमचं कमी आणि गुरुजींचं जास्त निघालं. मग म्हटलं, तसंच लिहावं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच्या छापखान्यात कंपोझिटर, खिळे जुळवणारे, होते. १९७४ साली त्यांनी एक जुनं ट्रेडल छपाईयंत्र घेतलं, पायानं चालवायचं. लग्नपत्रिका आणि हँडबिलं यांवर दोन वर्षं काढली. शाळेचं पहिलं काम आलं ते पांगरीकडच्या एका गुरुजींचं, हजेरीपटाचं. एकतीस दिवसांचे एकतीस रकाने, शिवाय अनुक्रमांक, नाव आणि बेरीज. पितळी रूळ एकेक करून बसवायचे. एक रूळ केसभर हलला तरी विसाव्या तारखेचा मुलगा एकविसाव्या तारखेला हजर व्हायचा. पहिले दीडशे कागद असेच रद्दीत गेले. गुरुजी सायकल भिंतीला लावून चार तास बसून राहिले, पण ओरडले नाहीत. अण्णा म्हणायचे, ‘त्या माणसानं मला त्या दिवशी शिकवलं, मी त्याला कागद दिला.’

तेव्हाचे गुरुजी बहुतेक व्हर्नाक्युलर फायनल झालेले, म्हणजे सातवी. नंतरचे पी.टी.सी., म्हणजे प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण, केलेले. शाळा जिल्हा परिषदेकडे जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती, तरी लोक ‘बोर्डाची शाळा’च म्हणायचे. गुरुजी ज्या गावात नोकरी त्याच गावात राहायचे. गावातली पत्रं तेच वाचायचे आणि तेच लिहायचे. आमच्याकडे महिन्यातून एकदा, पगाराच्या सुमाराला. एका शाळेचं सगळं दप्तर सायकलच्या कॅरिअरला बसायचं : जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळेच्या सामानाचं डेडस्टॉक, शेरेबुक आणि टाचणवही. शेरेबुकात तपासणीचे साहेब येऊन शेरा लिहायचे. ते पुस्तक पाच-पाच वर्षं भरायचं नाही, त्यामुळे आम्हाला त्यात काही मिळायचं नाही.

त्या काळाचं सोनं करून सांगणारे पुष्कळ भेटतात. मी तसं म्हणणार नाही. छडी होती. मुली चौथीनंतर पटावरून गळायच्या, आणि त्याची नोंद करायला आमच्या रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ एवढा एकच अरुंद रकाना होता. त्यात ‘घरकाम’ एवढं मावायचं.

रकाने वाढायला लागले ते तांदळापासून. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहार योजना आली. ऐंशी टक्के हजेरी भरली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ. त्या वर्षी आम्ही हजेरीपटाला पहिल्यांदा टक्केवारीचा रकाना घातला. तोपर्यंत गैरहजेरी ही गुरुजी आणि मुलगा यांच्यातली गोष्ट होती, आता ती तांदळातली झाली. एकोणऐंशी टक्के भरलेल्या पोराची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहायची. वैरागकडचे एक गुरुजी मला म्हणाले होते, ‘मी आता मास्तर नाय, रेशन दुकानदार हाय. फक्त माप पोत्यानं नाही, पेनानं मारतो.’ पुढे शिजवलेली खिचडी आली तेव्हा शिल्लक साठ्याची वही, तेल-मिठाची वही, आणि सगळ्यात खपलेली चव नोंदवही. आज खिचडीची चव कुणी घेतली, किती वाजता, अभिप्राय, सही. अभिप्रायाच्या रकान्यात ‘चांगली’ याशिवाय दुसरा शब्द मी अजून पाहिलेला नाही.

मी १९९८ ला धंद्यात आलो. ट्रेडल गेलं, ऑफसेट आलं, ते डी.एड.च्या, म्हणजे शिक्षक व्हायच्या पदविकेच्या, जोरावर. दोन हजार सालानंतर दर पाच-दहा मैलांवर डी.एड. कॉलेज निघालं. प्रत्येक विद्यार्थ्याला सराव पाठांच्या वह्या, निरीक्षणाच्या वह्या, छात्रसेवाकालाच्या वह्या. ऑफसेटचे हप्ते या पोरांनी फेडले, हे मान्य करायला मला लाज नाही. त्याच सुमारास, २००० साली, शिक्षणसेवक हा नवा शब्द आला. तीन वर्षं मानधनावर, प्राथमिकला महिना तीन हजार. त्याआधी गुरुजींची उधारी म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे असं अण्णा समजायचे. नव्या पोरांची उधारी लिहिताना ते पहिल्यांदा घुटमळले. आणि आणखी एक झालं. ही पोरं स्वतःला गुरुजी म्हणवून घ्यायची नाहीत. ‘सर’ म्हणायचं. अण्णांना शेवटपर्यंत ते जमलं नाही, ते ‘सरगुरुजी’ म्हणायचे.

मग शिक्षक भरतीची शेवटची सीईटी परीक्षा २०१० ला झाली, २०१२ ला भरती बंद पडली आणि डी.एड. कॉलेजं एकामागून एक ओस पडली. माझ्या गोदामात सराव पाठाच्या साडेचार हजार वह्या राहिल्या. आतली पानं कोरी काढून किराणा दुकानांना वह्या म्हणून दिल्या. आमच्या बाइंडिंगच्या टेबलावर त्या वेळी जो मुलगा कामाला लागला, तो स्वतः डी.एड. फर्स्ट क्लास. तो ज्या कॉलेजात शिकला त्याच कॉलेजच्या उरलेल्या वह्यांची मुखपृष्ठं फाडायचं काम मी त्याला दिलं होतं. तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्यानं पुढे कधीतरी चहा पिताना सांगितलं.

मधल्या काळात आमच्या हातून जे झालं ते सांगायलाच हवं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि त्या ऑगस्टमध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना उत्तम होती. एका परीक्षेवर मुलाला तोलायचं नाही. वर्षभर पाहायचं, बोलायचं, काम बघायचं आणि त्याच्याबद्दल दोन ओळी आपल्या शब्दांत लिहायच्या. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. आता हिशेब करा. चाळीस मुलं, आठ विषय, दोन सत्रं, म्हणजे सहाशे चाळीस नोंदी. वर निवडणूक, जनगणना आणि खिचडी आहेच. त्या दिवाळीत आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, ‘नोंदींचं तयार काही आहे का?’

नव्हतं. मी केलं. दोन ओळखीचे शिक्षक घेतले, तीन रात्री बसलो, विषयवार वाक्यं काढली आणि बत्तीस पानी पुस्तिका छापली. वीस रुपये किंमत. आमच्या पन्नास वर्षांत त्याइतकं काही खपलं नाही.

दोन वर्षांनी माझी मुलगी तिसरीत होती. तिचं प्रगतिपुस्तक घरी आलं. बायकोनं कौतुकानं मोठ्यानं वाचलं : ‘विविध उपक्रमांत स्वयंस्पूर्तीने भाग घेते.’ मी हातातला घास ताटात ठेवला. ‘स्फू’च्या जागी ‘स्पू’. ती चूक माझी होती, पान अकरा, ओळ चौथी. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली होती, पण पहिल्या आवृत्तीच्या पुस्तिका तालुकाभर फिरत होत्या. माझ्या पोरीबद्दल तिच्या बाईंना काय वाटतं हे मला कळणार होतं, आणि मला परत मिळालं ते मीच तीन रात्री बसून लिहिलेलं वाक्य. बाईंचा राग आला नाही. आमच्याकडून पुस्तिका नेताना त्यांनी विचारलं होतं, ‘पुठ्ठ्याची आहे का? रोज लागणारे.’

ती पुस्तिका मी बंद केली का? नाही केली. धंदा आहे. फक्त शेवटची चार पानं कोरी ठेवायला लागलो, वर ‘स्वतःच्या नोंदी’ असं छापून. परत आलेल्या एका जुन्या प्रतीत ती चारही पानं भरलेली दिसली. किराणा मालाच्या यादीनं.

२०१५ नंतरची दोन-तीन वर्षं मात्र वेगळी होती. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटची, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाची, हवा झाली होती, राज्यभरचे शिक्षक गाड्या करून तिथल्या शाळा बघायला जायचे. आमच्याकडचेही गेले. आले ते वह्या मागत नव्हते. शब्दपट्ट्या हव्यात, अंककार्ड हवीत, जाड कागदावर, मुलांच्या हातात टिकतील अशी. फरशीवर रंगवायच्या चौकटींचा स्टेन्सिल कापून द्या म्हणायचे. साहेबांसाठी नाही, मुलांसाठी काहीतरी छापतोय, असं मला त्या काळात वाटलं. पैसे बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या खिशातले असायचे, म्हणून बिल मागायचेच नाहीत. आमच्या शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले क्यूआर कोड घेऊन काम करत होते. त्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्म्या तालुक्यानं माझ्याकडे क्यूआर कोड छापायला आणले. त्यातल्या किती कोडांमागे खरोखर काही होतं ते विचारू नका.

पण २०१५ लाच ‘सरल’ ही सरकारी ऑनलाइन प्रणाली आली. प्रत्येक मुलाची माहिती संगणकावर. पगार आधीच ‘शालार्थ’ या पगाराच्या प्रणालीवर गेला होता. अण्णा म्हणाले, आता आपलं दप्तर गुंडाळलं. मीही घाबरलो. झालं उलटंच. माहिती ऑनलाइन भरायची, तिची प्रिंट काढायची, प्रिंटवर सही-शिक्का, फाईलला लावायची, आणि मूळ रजिस्टर आहेच! आम्ही दुकानात दोन संगणक मांडले. सर्व्हर चालायचा रात्री अकरानंतर, म्हणून दुकानही तेव्हाच उघडं. आई वरून चहा पाठवायची. ऑनलाइन बदल्यांच्या वेळी वीस-वीस गावांचे पसंतीक्रम भरताना माझ्यासमोर नवरा-बायको दोघे शिक्षक भांडलेत, रडलेत. अंतराचा दाखला कुठे मिळतो, हे मला पंचायत समितीपेक्षा चांगलं ठाऊक झालं. आता गुरुजी गावात राहत नाहीत म्हणून लोक बोलतात. खरंच राहत नाहीत, मोटरसायकलवर अप-डाऊन करतात. पण वीस गावांची यादी भरणाऱ्या माणसानं कुठल्या गावात घर बांधावं?

आमचा बाइंडिंगवाला या सगळ्यात परीक्षा देत होता. आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी. म्हणायला सारखंच, पण परीक्षा दोन. तो २०२४ च्या भरतीत सरकारच्या पवित्र पोर्टलवरून शिक्षक म्हणून लागला, दुसऱ्या जिल्ह्यात. मानधन आता सोळा हजार. आमच्याकडे त्याला त्याहून फार कमी पडत नव्हते, आणि घरचं जेवण होतं. तरी जाताना त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पगार वाढवून आणू शकलो नसतो. पहिली टाचणवही त्यानं स्वतः शिवून नेली. पैसे देऊ लागला, ते मी घेतले. अण्णांची शिकवण, बोहनीला नाही म्हणायचं नाही.

हल्लीचं एक गिऱ्हाईक. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आला की नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त शिल्लक असलेल्या, आधीपासून कामावर असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. त्या महिन्यात एक सर आले. वय पन्नासच्या पुढे. १९९६ ला नोकरीला लागल्यावर पहिली टाचणवही अण्णांकडून नेल्याचं त्यांना आठवत होतं, रंगसुद्धा. काउंटरवर कुणी नाही असं बघून त्यांनी टीईटीचं मार्गदर्शक मागितलं. बालमानसशास्त्राचं पान उघडून थोडा वेळ वाचलं. म्हणाले, ‘हे सगळं करतोच की आपण रोज. नावं तेवढी पाठ नाहीत.’ मग पुस्तक माझ्याकडे सरकवून हळूच म्हणाले, ‘याला खाकी कव्हर घालून द्या. मधल्या सुट्टीत वाचीन म्हणतो, पोरं टेबलावरचं बघतात.’

मी कव्हर घातलं. हाताला सवय, वर पांढरं लेबलही चिकटवून गेलो : नाव, इयत्ता, विषय. त्यांनी खिशातलं पेन काढलं, नाव लिहिलं, विषय लिहिला, आणि इयत्तेपाशी थांबून माझ्याकडे बघून हसले.